सूंस : एका आवाजाचा इतिहास

जबलपूरहून कटनीच्या वाटेने ईशान्येस निघालेला प्रवासी शंभर किलोमीटर पुरे होण्याच्या आत एक रेघ ओलांडतो. ही रेघ जमिनीवर कोठे आखलेली नाही. ती पाण्याने आखलेली आहे. रेघेच्या अलीकडे पडलेला पाऊस हिरण नदीतून नर्मदेस मिळतो आणि भडोचपाशी पश्चिम समुद्रात जातो. पलीकडे पडलेला पाऊस कटनी नदीतून, छोट्या महानदीतून शोण नदास मिळतो, पाटण्याच्या वरच्या अंगाला गंगेत शिरतो आणि बंगालच्या उपसागराची वाट धरतो. नर्मदा आणि शोण यांचा विवाह ठरला असता जोहिलेमुळे तो मोडला, आणि मानी नर्मदा पाठ फिरवून पश्चिमेस निघून गेली, ही कथा परिक्रमा करणाऱ्या मराठी मंडळींनी घाटाघाटांवर ऐकलेली असते. प्राणिशास्त्रापुरते बोलायचे तर या रुसव्याचा एक परिणाम असा, की गंगेच्या परिवारातील एक विलक्षण जीव शोणाच्या वाट्यास आला आणि नर्मदेच्या वाट्यास आला नाही. त्या जीवाचे नाव सूंस. सूंस म्हणजे नदीतला डॉल्फिन.

सूंस मासा नव्हे. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे, पिलांना दूध पाजणारा आणि श्वासासाठी एक-दोन मिनिटांनी पृष्ठभागावर येणारा. वर येताना तो जो सुस्कारा सोडतो, त्या आवाजावरूनच त्याचे लोकभाषेतील नाव पडले, असे मानतात. कोठे त्यास सूंस म्हणतात, कोठे सोंस, कोठे सुसु. संस्कृतातील शिशुमार हा शब्दही त्याच्याशी जोडला जातो. गंगेचे पाणी गढूळ. त्यात हा प्राणी क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. म्हणून नदीकाठच्या माणसास तो आधी ऐकू आला आणि मग दिसला. त्याची ओळख आवाजाने झाली, त्याचे जगणे आवाजावर चालते, आणि आज त्याच्यापुढे जे संकट उभे आहे तेही आवाजाचेच आहे. या प्राण्याचा इतिहास सांगायचा म्हणजे एका आवाजाचा इतिहास सांगणे होय.

त्या इतिहासाचे पहिले पान दगडावर कोरलेले आहे, आणि त्याचा एक धागा जबलपूरच्या परिसरातूनच जातो. कैमूरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, बहोरीबंदजवळ, रूपनाथ नावाचे तीर्थ आहे. हे स्थान पूर्वी जबलपूर जिल्ह्यात मोडत असे. १९९८ पासून ते कटनी जिल्ह्यात आहे. तेथील एका शिळेवर सम्राट अशोकाचा लघुलेख आहे. लहान माणसानेही प्रयत्न केला तर त्यास मोठे फळ मिळते, असे सांगून राजा त्या लेखात आज्ञा करतो, की हा मजकूर पर्वतांवर कोरावा आणि जेथे शिलास्तंभ असतील तेथे स्तंभांवरही कोरावा. पुढे अशोकाने खरोखरच स्तंभांवर लेख कोरविले. राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे २४३ मध्ये, काढलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस अशा नावांच्या ओळीत ‘गंगापुपुटक’ असे एक नाव येते. अभ्यासक सामान्यतः त्याचा अर्थ गंगेतला डॉल्फिन असा करतात.

या लेखातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, अशोकाने काही ठरावीक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली, आणि त्या दिवशी केवटांच्या राखीव पाण्यात इतर जीवांची हत्याही होऊ नये, असे सांगितले. कोळ्याची नाव आणि तिच्या आसपास वावरणारा जीव यांचा संबंध राजाच्या दृष्टीस आलेला होता. दुसरी गोष्ट केवळ योगायोगाची आहे. त्याच यादीत वटवाघूळही आहे. अंधारात आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर मार्ग काढणारे हे दोन जीव, एक आकाशातला आणि एक पाण्यातला, एकाच आज्ञेत अभय पावले. त्यांच्यातील हे साम्य कळण्यास मनुष्यजातीला आणखी बावीस शतके लागली.

मधल्या काळात सूंसाचा उल्लेख करणारे पुष्कळ झाले. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात गंगेतील ‘प्लॅटानिस्टा’ नावाच्या, डॉल्फिनसारखे तोंड व शेपूट असलेल्या जलचराची नोंद केली. पुढे शास्त्रज्ञांनी हेच नाव सूंसाच्या कुळास दिले. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या नद्यांत आढळणाऱ्या ‘पाण्यातल्या डुकरा’चे वर्णन केले आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८०१ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. परंतु हे सर्व पाहणाऱ्यांचे लेखन होते. ऐकणाऱ्यांची परंपरा निराळी, आणि ती लेखणीवाल्यांची नव्हती. ती मच्छीमारांची होती.

मच्छीमार आणि डॉल्फिन यांचे नाते सर्वत्र एकसारखे नाही. गंगेच्या काठी ते बरेचसे कठोर होते. सूंसाचे तेल काढून ते पाण्यावर सोडायचे आणि त्या वासाला येणारे मासे पकडायचे, अशी पद्धत तेथे होती. जाळ्यात अडकून मेलेला सूंस त्या कामी येई. कधी त्यासाठी मुद्दामही मारला जाई. उलट, ब्रह्मदेशात इरावतीच्या काठी याहून निराळे चित्र होते. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे अधीक्षक जॉन अँडरसन यांनी १८७८ च्या सुमारास आपल्या ग्रंथात ते नोंदविले आहे. तेथील डॉल्फिनची जात सूंसाहून वेगळी, आपल्या चिल्का सरोवरात सापडते तीच. अँडरसन सांगतात, की प्रत्येक कोळीगावाचा आपला एक रक्षक डॉल्फिन असे, त्याला नाव असे, आणि तो मासे आपल्या गावाच्या जाळ्याकडे हाकून आणतो, अशी लोकांची श्रद्धा असे. एवढेच नव्हे, तर आमच्या डॉल्फिनने हाकलेले मासे शेजारच्या गावाने पकडले, सबब आमचा वाटा मिळावा, असे दावेही तेथील न्यायालयांत गुदरले जात.

ही केवळ श्रद्धा नव्हती. इरावतीवरील मच्छीमार नावेच्या कडेवर लाकडी खुंटीने विशिष्ट ठेका धरतात. डॉल्फिन त्या ठोक्याला जवळ येतात, माशांचा थवा काठाकडे रेटतात, आणि शेपटीच्या हालचालीवरून जाळे केव्हा टाकायचे हे मच्छीमारास समजते. म्यानमार सरकारने २००५ साली तेथील नदीचा एक भाग याच डॉल्फिनसाठी संरक्षित केला. पाण्यात विजेचा झटका देऊन मासे मारण्याच्या बेकायदा पद्धतीमुळे मात्र हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास डळमळीत झाला आहे. नाव आणि डॉल्फिन यांच्यात संवाद होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आशियात क्वचितच सापडेल. पण त्याची अट एकच : नावेचा ठोका ऐकू येईल इतकी शांतता नदीत हवी.

आवाजाने डॉल्फिन बोलाविता येतो, तसा घाबरविताही येतो, हेही जुनेच ज्ञान आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे, की भूमध्य समुद्रातील कोळी होड्यांनी डॉल्फिनना घेरीत, पाण्यात मोठा खळखळाट करीत, आणि गोंगाटाने भांबावलेले ते जीव आपण होऊन किनाऱ्याकडे धाव घेत. त्याला नवल वाटले ते हे, की बाहेर कान दिसत नसताना या प्राण्याला इतके ऐकू येते कसे?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची सुरुवात, गंमत अशी की, जाळ्यापाशीच झाली. अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे मत्स्यालयासाठी डॉल्फिन पकडण्याचे काम करणारे आर्थर मॅकब्राइड यांना १९४७ च्या सुमारास असे आढळले, की रात्रीच्या अंधारात, गढूळ पाण्यातही, हे प्राणी बारीक विणीचे जाळे दुरूनच ओळखून टाळतात. वटवाघळे प्रतिध्वनीवर उडतात, हे त्याआधी काही वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. डॉल्फिनही तसेच करीत असावेत, अशी शंका मॅकब्राइड यांनी टिपून ठेवली; ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९६०-६१ मध्ये केनेथ नॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी वाट्या चिकटवून तिला पोहावयास सोडले. अडथळ्यांतून ती बिनचूक निघून गेली, आणि शंकेचा सिद्धान्त झाला.

समुद्रातल्या डॉल्फिनचे बोलणे ढोबळपणे दोन प्रकारचे असते. एक शीळ, आणि दुसरी टिचकीसारखी अतिशय आखूड टकटक. शीळ एकमेकांसाठी. १९६५ साली मेल्बा व डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने दाखवून दिले, की प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची अशी एक खास शीळ असते. जणू ते त्याचे नावच. टकटक ही जग चाचपण्यासाठी. टिचकी निघते, माशावर किंवा खडकावर आदळते, परत येते; आणि परत येण्यास किती वेळ लागला, आवाजात काय बदल झाला, यावरून समोरची वस्तू ‘दिसते’. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक असल्याने हे सारे निमिषार्धात घडते.

सूंसाच्या बाबतीत ही गोष्ट पराकोटीस पोहोचलेली आहे. त्याच्या डोळ्याला भिंगच नाही. उजेड आणि अंधार यांपलीकडे त्याला फारसे काही कळत नसावे. १९६८ साली सिंधू नदीतील याच कुळातले काही डॉल्फिन अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात नेण्यात आले. अर्ल हेराल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की हा प्राणी कुशीवर पोहतो, एक पर तळाला लावून डोके सतत इकडून तिकडे हलवीत राहतो, आणि त्याची टकटक जवळजवळ अखंड चालू असते. समुद्रातला डॉल्फिन टिचक्या वाजविणे काही काळ थांबवू शकतो, कारण त्याला डोळे आहेत. सूंस थांबला तर तो आंधळा होतो. त्याच्या टिचकीचा जोर सेकंदाला साठ हजार कंपनांच्या आसपास असतो. आपल्या कानाची धाव वीस हजारांपर्यंतच. म्हणून नावेत बसलेल्या माणसाला वर सुस्कारा तेवढा ऐकू येतो. खाली चाललेले अखंड बोलणे त्याच्या लेखी मौनच असते.

आता या मौनाचा भंग कसा झाला ते पाहू. गंगेवर वाफेच्या बोटींची नियमित वाहतूक १८३४ साली कलकत्ता ते अलाहाबाद अशी सुरू झाली. वल्ही, शिडे आणि दोरखंड यांवर चालणाऱ्या नदीत प्रथमच यंत्राचा आवाज शिरला. पण तो फार काळ टिकला नाही. लोहमार्ग आले. कलकत्त्याहून निघालेली ईस्ट इंडियन रेल्वे अलाहाबादमार्गे १८६७ साली जबलपूरला पोहोचली, आणि मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे तिला जोडला गेला. मुंबई आणि कलकत्ता एका रुळावर आली. शाळेच्या पुस्तकांत ही घटना व्यापाराचा टप्पा म्हणून शिकवितात. तिची दुसरी बाजू अशी, की गंगाकाठच्या लोहमार्गांनी नदीवरील बोटींचा धंदा हळूहळू खाऊन टाकला. माल रुळांवर चढला आणि वरच्या गंगेस तिची शांतता बरीचशी परत मिळाली. सूंसाचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पण जबलपूरला संपूर्ण झालेल्या त्या लोहमार्गाचा तोही एक लाभार्थी म्हणावा लागेल.

स्वातंत्र्यानंतर यंत्र पुन्हा पाण्यात उतरले, आणि या वेळी ते लहान माणसाच्या होडीवर बसले. १९५२ च्या करारातून केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने मच्छीमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाला वेग दिला. पुढे तोच ओघ कोकण किनाऱ्यावरही आला. कोकणात ज्याला काही ठिकाणी गादा म्हणतात, तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो. म्हणजे नेमका तेथेच, जेथे कोळ्याची जाळी असतात. जाळ्यातला मासा त्याला आयता मिळतो, आणि जाळे फाटल्याचा भुर्दंड मच्छीमारास बसतो. मच्छीमाराची ही तक्रार खोटी नाही. तिच्याकडे दुर्लक्ष करून डॉल्फिनचे कौतुक करणे हे शहरी माणसाला सोपे, किनाऱ्यावरच्या माणसाला महाग. यंत्राच्या आवाजाला डॉल्फिन नेहमी भितातच असेही नाही. कधी त्या आवाजामागे मासे मिळतात हे ते शिकतात आणि बोटीमागे येतात. पण बोटी वाढल्या, की त्यांचे आपापसांतले बोलणे अवघड होते. अमेरिकेच्या मेरीलँड किनाऱ्यासमोरील समुद्रात केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जहाजांचा गोंगाट वाढला की डॉल्फिनच्या शिळा उंच पट्टीत जातात व त्यांतील वळणे कमी होतात. बाजारातल्या कोलाहलात आपण वाक्य सोडून एकेक शब्द ओरडून बोलतो, तसेच हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात दोन डॉल्फिननी मिळून एकाच वेळी कळ दाबण्याचे काम करावयाचे होते. शांततेत त्यांचा यशाचा वाटा शंभरात सुमारे ८५ होता. गोंगाटात ते मोठ्याने ओरडले, एकमेकांकडे वळले, तरी तो सुमारे ६२ वर आला.

समुद्र खोल आणि विस्तीर्ण असतो. तेथे डॉल्फिनला बाजूला सरकता येते. उन्हाळ्यातल्या गंगेत सरकायचे कोठे? १९८६ साली हल्दिया ते अलाहाबाद हा १६२० किलोमीटरचा प्रवाह राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला, आणि २०१८ साली वाराणसीस मालवाहतुकीचे मोठे बंदर सुरू झाले. जलमार्गाने माल नेणे स्वस्त पडते, इंधन कमी लागते, हे त्याच्या बाजूचे खरे म्हणणे आहे. परंतु मयूख डे, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमधील गंगेत पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून जो अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचा निष्कर्ष काळजी वाढविणारा आहे. कोरड्या ऋतूत पाणी उथळ झाले, की बोटींचा त्रास सर्वांत जाणवतो. बोट अधूनमधून गेली तर सूंस आपली टकटक वाढवितो. म्हणजे तेवढेच अन्न शोधण्यास अधिक श्रम करतो. बोटींची रीघच लागली तर तो टकटक आवरती घेतो. पहिल्या स्थितीत शरीर झिजते. दुसऱ्या स्थितीत शक्ती वाचते, पण डोळे नसलेल्या जीवाने आपली काठीही खाली ठेवल्यासारखे होते.

या प्रश्नाकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. सूंसाला आपण कायद्याने पुष्कळ काही दिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद केली. १९७८-७९ मध्ये चंबळ अभयारण्य झाले, १९९१ मध्ये भागलपूरजवळ विक्रमशिला अभयारण्य झाले. २००९ साली तो राष्ट्रीय जलचर ठरला. पाटण्याचे प्राध्यापक रवींद्रकुमार सिन्हा यांच्यासारख्यांनी आयुष्यभर त्याची बाजू मांडली. २०२५ साली जाहीर झालेल्या गणनेत देशातील नदी-डॉल्फिनची संख्या ६,३२७ अशी अंदाजिली गेली. त्यांपैकी उत्तर प्रदेशात २,३९७, बिहारमध्ये २,२२०, तर मध्यप्रदेश आणि राजस्थान मिळून ९५. या ९५ चे घर मुख्यतः चंबळ. ज्या शोणामुळे हा जीव जबलपूरच्या शेजारी आला होता, त्या शोणाच्या वरच्या प्रवाहातून तो बंधाऱ्यांमुळे आणि आटलेल्या पाण्यामुळे नाहीसा झाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे मध्य विभागाचे केंद्र जबलपुरातच आहे. पण कटनीच्या वाटेवरची ती पाण्याची रेघ ओलांडून शोणाच्या वरच्या काठी जाणाऱ्यास आता तो सुस्कारा ऐकू येत नाही.

श्रोतेहो, अशोकाच्या आज्ञेपासून १९७२ च्या कायद्यापर्यंत आपण सूंसाला जे अभय दिले, ते देहाचे अभय होते : त्यास मारू नये. ते आवश्यक होते आणि आजही आहे. परंतु जो जीव ऐकण्यावर जगतो, त्याच्या देहास हात न लावताही त्याचे जगणे अशक्य करता येते, हे अशोकाला ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्याला आता ते ठाऊक झाले आहे. आणि उपाय असाध्यही नाहीत. मार्च ते जून या महिन्यांत, पाणी उथळ असताना, खोल डोहांतून जाणाऱ्या बोटींची संख्या आणि वेग कमी ठेवणे. पंखा व इंजिन कमी आवाजाचे वापरणे. नदीत पाणी राहू देणे, कारण खोल पाण्यात आवाजाचा जाच कमी होतो. आणि हे सारे ठरविताना नदीवर रोज जाणाऱ्या मच्छीमाराला विचारणे. सूंस कोणत्या डोहात असतो हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि नदी सुकली तर सूंसाबरोबर त्याचेही पोट सुकते.

रूपनाथच्या शिळेवर लहान माणसाच्या प्रयत्नाचे माहात्म्य कोरले आहे. गंगेतील शांतता राखण्याचे काम फार मोठ्या माणसांच्या हाती आहे, असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते होडीचे इंजिन डोहापाशी क्षणभर मंद करणाऱ्या हाताइतके लहानही आहे. तेवढे झाले, तर नदीखालचे ते बोलणे चालू राहील. आपल्याला ते ऐकू येणार नाही. पण आपल्याला ऐकू येत नाही म्हणून ते नाही असे समजण्याची सवय आता मोडावयास हवी.